लागेल कधीतरी: भिवपुरीच्या परिसरातील सुट्या भागांची साठवण

भिवपुरी, नेरळ, कर्जत, खोपोली या गावांत यंत्राचा सुटा भाग जपून ठेवण्याची रीत संगणकाच्या फार आधी आली. हा प्रदेश शंभर-दीडशे वर्षे दुरून आलेल्या यंत्रांच्या शेजारी राहिला आहे. बोरघाट चढणारी रेल्वे, माथेरानची छोटी गाडी, खोपोली आणि भिवपुरी येथील वीजघरे यांपैकी कशाचाही मोडलेला भाग गावच्या बाजारात मिळत नव्हता. जे बाजारात मिळत नाही ते आधीच आणून ठेवावे लागते आणि जे एकदा काढले ते टाकून देता येत नाही. आज या गावांतल्या पोटमाळ्यांवर जुन्या संगणकांच्या केबली आणि सुटे भाग भरलेले खोके आढळतात. ते ठेवण्यामागचे कारण आणि रेल्वेच्या किंवा वीजघराच्या भांडारामागचे कारण एकच आहे. त्या साठ्याचे पुढे काय होते, तेही बरेचसे सारखेच आहे.

मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत पोचला आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ पूर्ण होऊन पुण्याकडची वाट खुली झाली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची इंजिने, चाके, रूळ आणि स्प्रिंगा इंग्लंडहून जहाजाने येत. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडेपर्यंत मालवाहू जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचे, त्यामुळे मागवलेला भाग हाती पडायला काही महिने जात. एवढा वेळ गाडी थांबवणे शक्य नव्हते. म्हणून कंपनीने कारखान्याजवळ भांडार उभारले आणि पुढे १८७९ मध्ये परळचा मोठा कारखाना सुरू झाला. कर्जतला मात्र वेगळीच राखीव व्यवस्था दिसते. घाटाचा चढ काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका तीव्र असल्याने गाडीला मागून रेटा देणारी जादा इंजिने, म्हणजे बँकर, कर्जतला तयार ठेवावी लागतात. इथे सुट्या भागाऐवजी अख्खे इंजिनच राखीव असते आणि त्याचा खर्च कोणी उधळपट्टी मानत नाही. वापरात नसलेली वस्तू तयार ठेवणे हा कामाचाच भाग आहे, हे या गावाने पहिल्यांदा इथे पाहिले.

नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांची चिकाटी यांतून ती उभी राहिली. दोन फूट रुंदीच्या या मार्गासाठी इंजिने जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल या कारखान्याने बनवली. तीव्र वळणे घेता यावीत म्हणून त्यांच्या टोकाच्या धुऱ्यांना बाजूला सरकण्याची सोय होती. अशी धुरी देशातल्या मोठ्या रेल्वेच्या भांडारात मिळण्याचा प्रश्नच नव्हता. सात वर्षांत महायुद्ध पेटले आणि इंजिने बनवणारा कारखाना शत्रुराष्ट्रात जाऊन बसला. पुढे १९५०च्या दशकात डिझेल इंजिने आली तीही जर्मनीच्याच युंग कारखान्याची. जगात मोजकीच उरलेली यंत्रे चालवायची तर दोनच वाटा असतात: मोडलेला भाग नमुना धरून नवा घडवायचा, किंवा एक इंजिन उघडून दुसऱ्याला पुरवायचे. डोंगरी छोट्या रेल्वे जगभर याच दोन वाटांनी टिकल्या आहेत. जुन्या यंत्राचा निकामी भागसुद्धा मोलाचा असतो तो यामुळेच. मापे घ्यायला तो हाताशी लागतो.

भिवपुरीचे स्वतःचे यंत्रयुग १९२२ मध्ये सुरू झाले. खोपोलीचे वीजघर १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज देत होते. ती अपुरी पडू लागल्यावर टाटांनी १९१६ मध्ये आंध्र व्हॅली पॉवर सप्लाय कंपनी स्थापन केली. मावळातील ठोकरवाडी येथे आंध्रा नदीवर धरण बांधून ते पाणी बोगद्याने सह्याद्रीच्या कड्यापर्यंत आणि तिथून नळांनी खाली भिवपुरीला उतरवण्यात आले. पाणी पाचशे मीटरहून अधिक उंचीवरून येते. झोताच्या तोंडाशी त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास जातो. तो झोत पेल्टन चक्राच्या वाट्यांवर आदळतो आणि चक्र फिरते. काम झाल्यावर हेच पाणी उल्हास नदीत जाते आणि खालच्या शहरांना व कारखान्यांना मिळते.

एवढ्या वेगाच्या पाण्यात बारीक रेतीचा कणही पोलाद खरवडतो. वाट्यांच्या कडा झिजतात, तोटी आणि तिच्यातली सुई झिजते. झीज अटळ आहे हे यंत्र बसवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. म्हणून अशा वीजघरात राखीव भाग यंत्राबरोबरच खरेदी होतात. जादा चक्र, जादा वाट्या, तोट्या, बेअरिंगचे अस्तर आणि जनित्राच्या वेटोळ्यांच्या जादा गुंडाळ्या ही त्या काळच्या जलविद्युत केंद्रांची नेहमीची यादी होती. ट्रान्सफॉर्मरच्या बाबतीत तर एका फेजचे तीन ट्रान्सफॉर्मर कामाला आणि चौथा शेजारी राखीव अशी मांडणी सर्रास असे. तिघांपैकी एक जळाला की चौथा जोडायचा. काही महिन्यांनी दुरुस्त होऊन येणारा ट्रान्सफॉर्मर पुन्हा राखीव जागेवर जाई. यामागे चोख हिशेब होता. मुंबईच्या गिरण्या एक दिवस बंद राहण्याची किंमत आणि वर्षानुवर्षे न लागणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची किंमत समोरासमोर ठेवली की दुसरी किंमत कमी भरते. घरातल्या साठवणीत हा हिशेब कोणी कागदावर मांडत नाही. मांडला तर निम्मा खोका रिकामा होईल आणि उरलेला निम्मा अधिक जपून ठेवला जाईल.

दुसऱ्या महायुद्धात, १९३९ ते १९४५, जहाजांची वाहतूक विस्कळीत झाली आणि यंत्रांचे कारखाने शस्त्रे बनवू लागले. स्वातंत्र्यानंतर १९५६-५७ मध्ये परकीय चलनाची तीव्र टंचाई आली आणि आयात परवान्याखाली गेली. परदेशी यंत्राचा लहानसा भाग आणायचा तरी अर्ज, शिफारस आणि चलनाची मंजुरी लागे. या तीन-चार दशकांनी महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या कारागिरांना घडवले. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत काम केलेला फिटर किंवा इलेक्ट्रिशियन निवृत्त होऊन घरी आला तरी बोल्ट, वॉशर, फ्यूज आणि वायरींचे तुकडे डब्यांत वेगवेगळे भरून ठेवी. ही त्याची कामाची शिस्त होती आणि ती मुलांनी पाहिली.

ज्या खाचेत भाग बसायचा ती खाचच उरली नाही तर साठ्याचे काय होते, याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण याच रेल्वेमार्गावर सापडते. कल्याण-पुणे मार्गाचे विद्युतीकरण १९२९ मध्ये पूर्ण झाले. विजेचा दाब १५०० व्होल्ट आणि प्रवाह एकदिश, म्हणजे डीसी, होता. भिवपुरी रोड स्थानकावरून जाणारी प्रत्येक लोकल आणि घाट चढणारे प्रत्येक विद्युत इंजिन त्यानंतर कित्येक दशके याच प्रवाहावर चालले. स्वित्झर्लंड आणि इंग्लंडमध्ये बांधलेली लांब नाकाची ‘क्रोकोडाइल’ मालइंजिने १९२०च्या दशकाच्या अखेरीस आली आणि सुमारे सहा दशके टिकली, ती सांभाळून ठेवलेल्या आणि नव्याने घडवलेल्या भागांवर. देशात इतरत्र मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, पद्धत स्वीकारली गेली होती. मुंबईचा विभाग टप्प्याटप्प्याने बदलत गेला आणि २०१६ मध्ये मध्य रेल्वेची शेवटची डीसी लोकल धावली. डीसी उपकेंद्रांतील रेक्टिफायर, इंजिनांतील रेझिस्टन्स आणि स्विचगिअर यांचे राखीव भाग चांगल्या स्थितीत होते, तरी त्यांची गरज संपली. त्यांची किंमत आता त्यांतल्या तांब्या-पोलादाची. सुटा भाग त्याच्या स्वतःच्या आयुष्यापुरता जगत नाही, तो ज्या मानकासाठी घडला त्या मानकाच्या आयुष्यापुरता जगतो. संगणकाच्या केबलीला हाच नियम लागू आहे, फक्त तिथे ऐंशी वर्षांचा काळ आठ-दहा वर्षांत आटोपतो.

महाराष्ट्रात संगणकाच्या सुट्या भागांचा प्रश्न मुंबईत सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० मध्ये चालू झाला. जिथे यंत्र घडले तिथेच त्याचे भागही घडत, त्यामुळे तिथे तुटवड्याचे स्वरूप वेगळे होते. कंपन्यांकडचे संगणक मात्र बहुतांशी आयबीएमचे आणि भाड्याचे असत. परदेशात वापरून झालेली यंत्रे डागडुजी करून इथे दिली जात. यंत्राची मालकी, देखभाल आणि सुटे भाग तिन्ही एकाच कंपनीच्या हाती होते. परकीय चलन नियमन कायद्याखाली भागभांडवल कमी करण्याची अट न मानता आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील काम आवरले. तेव्हा देशभरची ही यंत्रे चालती ठेवण्याची जबाबदारी कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन, म्हणजे सीएमसी, या सरकारी कंपनीवर आली. बनवणारा निघून गेलेला, नवीन भाग येण्याची खात्री नाही आणि बँका, कारखाने, रेल्वे यांचे हिशेब त्या यंत्रांवर. अशा वेळी मोडीत काढलेले यंत्र हेच चालत्या यंत्राचे भांडार ठरते. सीएमसीच्या अभियंत्यांनी नाना बनावटींची यंत्रे सांभाळून जे ज्ञान मिळवले ते पुढे रेल्वे आरक्षणासारख्या मोठ्या कामांत उपयोगी पडले. भारतीय संगणक उद्योगाच्या इतिहासात या दुरुस्ती-परंपरेला जेवढी जागा मिळायला हवी तेवढी मिळालेली नाही.

नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सैल झाली, तरी तयार संगणकावरचा कर जबर राहिला. त्यातून ‘असेंबल्ड’ संगणक जन्मला: मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट वेगवेगळे घेऊन जोडलेला. मुंबईत त्याचे केंद्र लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ही बाजारपेठ आधी रेडिओच्या आणि नंतर टीव्हीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होती. पुण्यात तेच काम बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीने केले. भिवपुरीहून लोकलने मुंबई गाठायला दोन तासांच्या आसपास लागतात. तेवढाच वेळ परतीचा, शिवाय रोजगार बुडणार. एका केबलीसाठी अख्खा दिवस मोडायचा नसेल तर ती केबल घरात असलीच पाहिजे. कर्जत, नेरळ आणि खोपोलीतले दुरुस्तीवाले याच कारणाने खोके भरून ठेवत. दुरुस्तीला आलेला, पण न परवडल्याने सोडून दिलेला संगणक त्यांच्यासाठी दहा-बारा वापरण्याजोग्या भागांचा साठा असे. त्यातला एसएमपीएस सर्वांत आधी निघे. २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. वीज जाता-येताना दाबाचे हेलकावे बसत आणि संगणकाचा हा वीजपुरवठा करणारा डबा जळे. चालता एसएमपीएस बाळगणारा दुरुस्तीवाला त्याच दिवशी संगणक परत देऊ शके. माहिती तंत्रज्ञान करारानुसार आयात कर २००५ पर्यंत शून्यावर आला आणि भाग स्वस्त झाले, पण अंतर तेवढेच राहिले.

जपून ठेवलेल्या केबलींची आयुष्ये फार वेगवेगळी निघाली. प्रिंटरची जाड समांतर केबल, जिच्या एका टोकाला २५ पिना आणि दुसऱ्या टोकाला ३६ संपर्कांचा सेंट्रॉनिक्स जोड असतो, ती घरातून गेली. पण तीन-चार प्रतींत बिल काढणाऱ्या दुकानांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर टिकला आणि त्याच्याबरोबर तीही टिकली. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली निळ्या टोकाची व्हीजीए केबल तीस वर्षे चालली. शाळा-महाविद्यालयांतल्या प्रोजेक्टरांनी तिला आणखी काही वर्षे दिली. कीबोर्ड-माउसचा जांभळा-हिरवा पीएस/२ जोडही त्याच वर्षाचा. तो यूएसबीने, म्हणजे १९९६ च्या मानकाने, हळूहळू संपवला. हार्ड डिस्कची पट्टीसारखी चपटी आयडीई केबल चाळीस तारांची आणि ऐंशी तारांची अशा दोन प्रकारांत आली. जोड दोन्हींचा चाळीसच पिनांचा. ऐंशी तारांच्या केबलीचे निळे टोक मदरबोर्डाकडे लावायचे हे ठाऊक नसलेल्याच्या हाती दोन्ही सारख्याच. २००३ नंतर साटा हा नवा जोड आला आणि दोन्ही हळूहळू निरुपयोगी झाल्या. रॅमचे त्याहून अवघड. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० संपर्क असतात, लांबीही सारखी, पण मधली खाच वेगळ्या जागी. खोक्यातला तुकडा बसेलसा वाटतो आणि बसत नाही. या सगळ्यांत सर्वांत दीर्घायुषी ठरली ती संगणकाला वीज देणारी तीन पिनांची साधी काळी वायर. तिचे टोक गेली पाच दशके जवळजवळ बदललेले नाही. ती संगणकाला, मॉनिटरला, प्रिंटरला आणि प्रोजेक्टरला चालते. एकच केबल ठेवायची तर ही ठेवावी, असे कोणताही दुरुस्तीवाला सांगेल.

कारखान्यांत गणित उलटे फिरते. घरात संगणक टिकतो आणि केबल जुनी होते. कारखान्यात यंत्र चाळीस वर्षे टिकते आणि त्याला जोडायचा संगणक पाच वर्षांत बदलतो. नियंत्रणपेट्या, संरक्षक रिले आणि वजनकाटे यांच्याशी बोलायला अजूनही नऊ पिनांची सीरियल केबल लागते. आरएस-२३२ हे तिचे मानक १९६०च्या दशकातले आहे. नव्या लॅपटॉपला तो जोड नसतो. यूएसबीवरून सीरियल देणारे अडॅप्टर मिळतात, पण काही जुन्या प्रणाली त्यांच्यावर नीट चालत नाहीत. म्हणून देखभाल विभागात एखादा जुना संगणक, त्यावरची जुनी प्रणाली आणि त्या-त्या यंत्राची खास केबल जतन केलेली असते. अशा केबलीला चिठ्ठी बांधलेली असते आणि तीच तिची खरी किंमत. कोणत्या यंत्राची हे न लिहिलेली सीरियल केबल बाहेरून ओळखू येत नाही, कारण आतल्या तारांची अदलाबदल प्रत्येक कंपनीची वेगळी.

सरकारी कचेऱ्या, शाळा आणि महाविद्यालये यांच्याकडे साठलेल्या संगणकांना आणखी एक कारण आहे. तिथली प्रत्येक टिकाऊ वस्तू डेडस्टॉक नोंदवहीत चढते. ती मोडली तरी नोंद राहते. ती कमी करायची तर समिती नेमून, वस्तू पाहून, मूल्य ठरवून निर्लेखन करावे लागते. जबाबदारी घेण्यापेक्षा खोलीला कुलूप लावणे सोपे पडते. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ २००१ मध्ये स्थापन झाल्यावर एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यातालुक्यांत निघाली. कर्जत परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालयेही उभी राहिली, त्यांतले कोकण ज्ञानपीठाचे १९९४ मधले. प्रयोगशाळेत तीस-चाळीस संगणक एकाच वेळी येतात आणि एकाच वेळी जुने होतात. त्यामुळे संस्थांची साठवण घरापेक्षा कितीतरी मोठी असते. खासगी दुरुस्तीवाल्याला जो भाग आज हवा असतो तो शंभर पावलांवर कुलपात पडून असतो आणि नियमाने त्याला मिळू शकत नाही. ही या साठवणीतली सर्वांत मोठी नासाडी आहे.

जे ठेवले ते टिकतेच असेही नाही. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओली असते. जोडांचे कथिल लावलेले संपर्क काळवंडतात. रॅमच्या कडेचे सोनेरी संपर्क तुलनेने तग धरतात, खोडरबराने पुसले की पुष्कळदा चालतात. पीव्हीसीच्या वेष्टनात मऊपणासाठी घातलेले द्रव्य वर्षानुवर्षांनी बाहेर येते आणि केबल चिकट होते, नंतर कडक होऊन तडकते. १९९०च्या आसपासच्या मदरबोर्डावर सोल्डर केलेली निकेल-कॅडमियमची बॅटरी गळते आणि शेजारच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. मदरबोर्ड ठेवायचा असेल तर ही बॅटरी आधी कापून काढावी लागते. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर न वापरताही सुकतात किंवा फुगतात. कोरड्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, वेटोळे सैल घालून ठेवलेला साठा आणि गोणपाटात कोंबलेला साठा यांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. २६ जुलै २००५ च्या महापुरात उल्हास खोऱ्यात तळमजल्यावरच्या दुकानांत आणि घरांत पाणी शिरले, आणि पाण्यात बुडालेले संगणकाचे भाग बहुधा भंगारातच जातात.

भंगारात गेलेल्या केबलीचे मोल तांब्यावर ठरते. भंगारवाला वेष्टनासकट वायर कमी दराने आणि सोललेले तांबे अधिक दराने घेतो. सोलण्याचे कष्ट वाचवायला वायरी जाळल्या जातात. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन वर्गातली विषे निघतात, आणि ती सर्वांत आधी जाळणाऱ्याच्या छातीत जातात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००५ च्या अंदाजात देशातल्या सुमारे १,४६,००० टन ई-कचऱ्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वाधिक होता. त्यानंतर २०११ चे ई-कचरा नियम मे २०१२ पासून, २०१६ चे त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून आणि २०२२ चे एप्रिल २०२३ पासून लागू झाले. मोठ्या वापरकर्त्यांनी, म्हणजे कंपन्या, महाविद्यालये आणि कचेऱ्यांनी, आपला कचरा नोंदणीकृत संस्थेलाच द्यायचा आहे. वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांच्या नोंदणीचीही सोय या नियमांत आहे. कुटुंबावर तशी सक्ती नाही. चार-पाच केबलींचे वजन इतके कमी की भंगारात त्यांचे फारसे पैसे येत नाहीत, आणि गावात त्या देण्याजोगे अधिकृत संकलन केंद्र जवळ असेलच असे नाही. त्यामुळे चालणारी, न चालणारी आणि कशाची ते न कळणारी अशी तिन्ही प्रकारची केबल एकाच खोक्यात पडून राहते. त्यात आता फोनच्या चार्जरांची भर पडली आहे. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ पासून फोनसाठी यूएसबी-सी सक्तीचे केले आणि भारतीय मानक ब्युरोनेही त्या जोडाचे मानक प्रसिद्ध केले आहे. त्याआधीचे चपटे आणि बारीक टोकांचे चार्जर अजून जुने फोन, टॉर्च आणि रेडिओ चालवतात, म्हणून तेही ठेवले जातात.